नील बेटावर अडकलेल्या आपण दोघी

शोभे,

तुला जाऊन महिना होत आला, तरी मी अजून तुझ्याशी भांडतेच आहे. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मी मनातल्या मनात तुला सांगत असते की तो ओंडका होता. नील बेटाजवळ त्या सकाळी तुला जे दिसलं ते पाण्यावर तरंगणारं लाकूड होतं, समुद्री गाय नव्हती. आणि तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस, "लाकडाले नाक असते का वं?" यावर मला उत्तर सुचायच्या आत तू निघून गेलीस. हे काही बरोबर केलं नाहीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे चांगलं बोलले. तू एसटीत कंडक्टर कशी झालीस, नवरा गेल्यावर पल्लवीला एकटीनं कसं वाढवलंस, समुद्रपूरच्या बसस्थानकावर तुझ्या आवाजाला सगळे कसे वचकून असायचे. सगळं खरंच होतं. मला बोलायला सांगितलं तर मी उठलेच नाही. चौथीच्या वर्गासमोर जन्म घालवलेली बाई चार माणसांसमोर उभी राहू शकली नाही. मला जे आठवत होतं ते सगळं पाण्यातलं होतं, आणि मंडपात बसलेल्या लोकांना ते कुठून सांगायला सुरुवात करावी कळेना. म्हणून तुलाच सांगते. तुला ठाऊक असलं तरी ऐक.

आपण दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो. तू पेढे घेऊन हिंगणघाटला माझ्याकडे आलीस आणि चप्पल काढता काढता म्हणालीस, "वंदे, समुद्र पाहाले चाल."

मी म्हटलं, "गोव्याले जाऊ. जवळ पडते."

"नाई. जाचं तं दूरच जाचं. अंदमान."

रोहण्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून तुझं हे असंच. तू विहिरीत उडी मारायचीस आणि मी काठावर तुझे कपडे धरून उभी राहायचे. मला पाण्याचं भय होतं, का होतं ते मलाही माहीत नाही. कोणी बुडालं नव्हतं, काही घडलं नव्हतं. नुसतं पाणी पाहिलं की मी दोन पावलं मागे सरायचे. तू मला कधी हसली नाहीस त्यावरून. पण ओढायचं सोडलंही नाहीस.

डिसेंबरात एका सहल कंपनीसोबत निघालो. विमानात तू जागेवरून उठून मागच्या रांगेपर्यंत एक चक्कर मारून आलीस. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, "पाहून आली. गाडी भरली हाये." हवाई सुंदरीनं तुला पट्टा बांधायला लावला तेव्हा तू तिला विचारलंस की तुमची ड्यूटी किती तासांची असते. पोर्ट ब्लेअर येईपर्यंत तिच्या घरी कोण कोण आहे ते तुला पाठ झालं होतं.

पोर्ट ब्लेअरचा तुरुंग पाहताना मात्र तू एक शब्द बोलली नाहीस. एका कोठडीत गेलीस, आतून गज धरलेस आणि तशीच उभी राहिलीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "लय लहान हाये वं." एवढंच. मग बाहेर शहाळं पिताना तुझा आवाज परत आला.

तिथून जहाजानं नील बेटावर गेलो. कागदोपत्री आता त्याचं नाव वेगळं आहे, पण तिथले लोक नीलच म्हणतात. आपल्याला वाटलं होतं नुसती वाळू आणि नारळ असतील. धक्क्यावरून रिक्षा आत वळली आणि तू ओरडलीस, "अवो, थांबवा!" रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वांगी, भेंडी, कारल्याचे मांडव. केळीच्या बागा, सुपारीची उंच झाडं, मधेच टरबुजाचं वावर. तू उतरून वांग्याच्या झाडाचं पान उलटं करून पाहिलंस, कीड आहे का म्हणून. आपल्यासोबतचे बाकीचे प्रवासी रिक्षात बसून हसत होते. समुद्र पाहायला एवढ्या लांब आलेली बाई वांग्यापाशी बसली म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या तळाच्या होडीत बसलो आणि तिथेच आपलं ते भांडण सुरू झालं. सगळे खाली काचेतून मासे बघत होते. तू वर बघत होतीस. अचानक माझा दंड धरलास. "वंदे! तिकडं पाय! म्हैस!" मी मान वर केली तोवर पाण्यावर काहीतरी करडं, लांबट दिसलं आणि गेलं. होडीवाला म्हणाला की या भागात समुद्रात गवत उगवतं, ते खायला समुद्री गाय येते, पण आता फार कमी दिसते. त्यानं स्वतः पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. फक्त तू. "नाक वर काढलं, मायाकडं पाह्यलं, आन गेली खाली," असं तू सगळ्यांना सांगितलंस. हॉटेलातल्या स्वयंपाक्यालाही सांगितलंस. घरी आल्यावर तर ती गाय दर वेळी थोडी मोठी होत गेली. शोभे, मी तुला खोटं ठरवत नव्हते. मला एवढंच वाईट वाटत होतं की आपण दोघी एका होडीत बसलेल्या असताना ती तुला दिसली आणि मला दिसली नाही.

होडीतून उतरल्यावर तू मला पाण्यात नेलंस. कमरेला रबरी ट्यूब, तोंडावर तो मुखवटा, आणि तुझा हात. "मान घाल खाली. मी हाये नं." मी म्हटलं, "मले भेव लागते." तू म्हणालीस, "लागू दे नं भेव. भेव लागलं तरी डोये उघडे राहू शकतात."

मी मान खाली घातली. शोभे, तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण तोंडात ती श्वास घ्यायची नळी होती आणि नंतर लाज वाटली. मी रडत होते. खाली एवढं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. कोबीच्या गड्ड्यांसारखे प्रवाळ, जांभळे, पिवळे. हिरवे-निळे मासे तोंडानं दगड कुरतडत होते आणि त्याचा कुरकुर आवाज कानाला चक्क ऐकू येत होता. एक मोठा शिंपला आपण त्याच्या वर आलो की ओठ मिटायचा. मी इतकी वर्षं काठावर उभी राहून काय काय घालवलं ते त्या दिवशी कळलं. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

त्याच दुपारी तो प्रसंग झाला. तो कोणाला सांगायचा नाही अशी तू मला शपथ घातली होतीस. आज कागदावर लिहून ती मोडते. रागवू नकोस.

बेटाच्या एका टोकाला खडकाची नैसर्गिक कमान आहे. ओहोटी लागली की खडकांवरून चालत तिथपर्यंत जाता येतं. खडकांच्या मधे मधे पाण्याची डबकी राहतात आणि त्यात काय काय अडकलेलं असतं. समुद्रकाकडी, काळे साळींदरासारखे काटेरी गोळे, निळा तारामासा. गाइडनं सगळ्यांना सांगितलं होतं की भरती लागायच्या आत परत फिरायचं, आणि वेळेवर हाकाही मारल्या. सगळे फिरले. पण तुला एका डबक्यात अष्टपाद दिसला होता. "एक मिनिट वं. पाय तं, तो रंग बदलून राह्यला." मीही वाकले. खरंच बदलत होता. आपण दोघी शाळेतल्या पोरींसारख्या गुडघ्यांवर बसून राहिलो, आणि मागून पाणी आलं ते आपल्याला कळलंच नाही. ते लाटेसारखं नाही येत. भेगाभेगांतून गुपचूप भरत येतं.

उठताना तुझा पाय खडकाच्या फटीत गेला. तुझी किंकाळी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. पाय निघाला, पण घोटा वळला होता आणि पोटरी प्रवाळानं फाटली होती. पाण्यात रक्त मिसळत होतं. मी किनाऱ्याकडे पाहिलं. आपली माणसं झाडांच्या आड गेली होती. आपल्यात आणि वाळूत जिथे मघाशी कोरडा खडक होता तिथे आता पाण्याचा पट्टा होता. मी हाका मारल्या. वारा समोरून येत होता, माझ्या हाका मलाच परत येत होत्या.

तू खाली बसलीस. सगळ्या गाडीला दरडावणारी तू, विहिरीत उडी मारणारी तू, बसून रडायला लागलीस. "वंदे, तू जाय. कोणाले तरी घेऊन ये. मायानं चालणं नाई होत."

मी म्हटलं, "चूप बस. ऊठ."

"तुले पोहता नाई येत वं."

"मले माहीत हाये. ऊठ."

मी ओढणी काढून तुझ्या आणि माझ्या कमरेला बांधली. तू म्हणालीस हे काय करतेस, आणि मी म्हटलं मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पाणी गुडघ्यांपर्यंत होतं, मग मांड्यांपर्यंत, मग कमरेच्या वर आलं. खालचा खडक दिसत नव्हता. प्रत्येक पाऊल आधी चाचपून टाकायचं. तुझा सगळा भार माझ्या खांद्यावर, आणि तू काही हलकी नव्हतीस, शोभे. तू माझ्या कानाशी एकसारखी पुटपुटत होतीस, "सोडू नोको, वंदे, सोडू नोको." मला भय वाटत होतं का? वाटलं असणार. पण त्या वेळी ते कुठे होतं मला आठवत नाही. तुझ्या पायाचं रक्त तेवढं आठवतं.

मधोमध आलो असू, तेव्हा किनाऱ्यावरून एक बाई साडी खोचून पाण्यात धावत येताना दिसली. "उधर नहीं! इधर से आओ, इधर!" ती हातानं दाखवत होती. आपण खोल बाजूला चाललो होतो. ती आली, तिनं तुझा दुसरा हात धरला आणि तिघी वाळूवर येऊन पडलो. ती होती मिनती, वाटेवर शहाळी विकणारी. तिनं तुझी पोटरी शहाळ्याच्या पाण्यानं धुतली, आपल्या दोघींकडे बघितलं, ओढणीची गाठ बघितली आणि हसायला लागली. मग तू हसलीस. मग मी. वाळूत पडून तिघीही हसत होतो आणि आपली गाइडसकट सगळी माणसं धावत येत होती.

हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरनं टाके घातले आणि दोन दिवस पाय हलवू नका म्हणून सांगितलं. बाकीचे प्रवासी ठरल्याप्रमाणे सकाळच्या जहाजानं पुढे गेले. आपण नंतरच्या जहाजानं जाणार होतो, तर वारा सुटला, समुद्र खवळला आणि जहाजंच बंद झाली. हॉटेल दुसऱ्यांसाठी राखलेलं होतं. मिनती रिक्षा घेऊन आली आणि म्हणाली, "हमारा घर चलो. इसमें सोचने का क्या है?"

शोभे, आयुष्यातली सगळ्यात चांगली सुट्टी मला विचारशील तर ती जहाजं बंद असतानाची. पत्र्याचं घर, समोर ओसरी, ओसरीवर तू पाय उशीवर ठेवून राणीसारखी. पाऊस येत-जात होता. मिनती आणि तिचे यजमान हरिपदबाबू, दोघंच. मुलं कामाला पोर्ट ब्लेअरला. हरिपदबाबू सकाळी भाजीच्या मळ्यात जायचे आणि आले की तुझ्याजवळ बसायचे, कारण तू त्यांना कापसाबद्दल सांगायचीस आणि ते तुला सुपारीबद्दल. तुझं हिंदी आणि त्यांचं हिंदी, दोन्ही कुठल्या शाळेत शिकवत नाहीत तसं, पण एकमेकांना बरोब्बर कळायचं.

तू म्हणालीस, आज मी भरीत करते. मिनती म्हणाली, वांगं भाजून आम्हीही करतो. नारळाच्या करवंट्या पेटवून तिनं वांगी भाजली. मग तुमचं दोघींचं जुंपलं. ती म्हणे वरून कच्चं मोहरीचं तेल, तू म्हणे जवसाचं. जवसाचं तिथे कुठून येणार? शेवटी अर्धं तिचं, अर्धं तुझं केलं आणि हरिपदबाबूंना पंच नेमलं. त्यांनी दोन्ही खाल्लं आणि हात धुवायला उठून गेले ते निकाल न देताच मळ्यात निघून गेले. मासळीचा रस्सा तू असा ओरपलास की मिनतीनं तुला बंगाली ठरवून टाकलं. माझ्यापुढे वाटी सरकवून तू रोज म्हणायचीस, "खाऊन तं पाय." मी नाही खाल्ली. त्यावरूनही तू पुढे वर्षभर मला ऐकवत राहिलीस.

एका दुपारी हरिपदबाबूंनी त्यांच्या बहिणीचं सांगितलं. पूर्व बंगालातून निघून त्यांचं कुटुंब रायपूरकडच्या छावणीत आलं होतं. हरिपदबाबू तेव्हा अगदी लहान. त्यांना अंगाखांद्यावर खेळवणारी मोठी बहीण, शेफाली, हिचं छावणीतच लग्न झालं. मग सरकारनं माणसं वाटली. हे कुटुंब जहाजात घालून अंदमानला, आणि शेफालीचं सासर कुठेतरी जंगलात, चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे. सुरुवातीला पत्रं आली. वडील गेल्यावर ती थांबली. "जिंदा है कि नहीं, क्या मालूम," असं म्हणून ते नारळ सोलायला लागले.

तू उशीवरचा पाय खाली घेतलास. "चांदा? चांदा तं आमच्या बाजूले हाये. तिकडं गडचिरोलीकडं बंगाली लोकांची गावंच्या गावं हायेत. मी पाह्यली." आणि तू त्यांना शब्द देऊन टाकलास की मी शोधते.  एवढ्या वर्षांनी कुठे शोधणार? मी तुला बाजूला घेऊन म्हटलं की लोकांना अशी आशा लावू नये. तू म्हणालीस, "आशा मी नाई लावली. ते पयलेच बसली होती त्यायच्यापाशी."

त्याच ओसरीवर, निघायच्या आदल्या दुपारी, तू मला दुसरी गोष्ट विचारलीस. पावसाकडे बघत, माझ्याकडे न बघता. "वंदे, आता दोघीही मोकळ्या. तू हिंगणघाटले एकटी, मी समुद्रपूरले एकटी. एकाच घरात राहू नं."

मी लग्न केलं नाही. माझ्या घरात माझ्या वस्तू माझ्या जागी असतात. तुझा टीव्ही, तुझा फोन, तुझी येणारी-जाणारी माणसं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी म्हटलं, "पाहू." तू मान हलवलीस आणि मिनतीला चहा मागितलास.

परत आल्यावर तू पुन्हा ते काढलं नाहीस. मे महिन्यात तुझं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी पल्लवीला आणि मला आत बोलावलं, आणि तू दार ढकलून मागोमाग आत आलीस. "माया पोटाचं मले पयले सांगा." कॅन्सर आहे म्हणून सांगितलं त्यांनी. तू विचारलंस की समुद्रपूरहून दर आठवड्याला येणं जमेल का. मी म्हटलं, "समुद्रपूर काऊन? माया घरून येशीन."

पल्लवी तुला नागपूरला न्यायला तयार होती. तू माझ्याकडे आलीस. मी कपाट अर्धं रिकामं केलं होतं. तू ते पाहिलंस, आणि त्यात तुझ्या साड्या लावल्यास. 

मग आपण एकत्र राहिलो. असं राहायचं नव्हतं आपल्याला, पण राहिलो. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत हसलोही खूप. औषधाच्या दिवशी तुला तोंडाला चव नसायची आणि तू तरी मला सांगायचीस की वरणात मीठ कमी आहे. टीव्हीचा आवाज मी कमी करायचे, तू वाढवायचीस. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला समुद्री गाय सांगून झाली, तिच्या सुनेला सांगून झाली. मी "ओंडका" म्हटलं की सगळा वॉर्ड तुझ्या बाजूनं माझ्याकडे बघायचा.

आणि तू शोध सुरू केलास. मला वाटलं होतं विसरली असशील. खाटेवर पडल्या पडल्या एकेका डेपोला फोन. "हॅलो, मी शोभा बोलून राह्यली, समुद्रपूरची. हौ, तेच, मोठ्या आवाजाची." बोटं थरथरायला लागली तेव्हा नंबर मी लावून द्यायचे. गडचिरोलीकडच्या गाड्यांवरच्या कंडक्टर बायांना तू कामाला लावलंस. बंगाली गावांच्या थांब्यावर म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, शेफाली नावाची कोणी आहे का, जिचा भाऊ अंदमानला गेला. दोन शेफाली सापडल्या त्या वेगळ्याच निघाल्या. मी म्हटलं आता पुरे, थकतेस. तू माझं ऐकलं नाहीस. बरं झालं.

चामोर्शीच्या गाडीवरच्या बाईचा फोन आला तेव्हा तू सलाइनवर होतीस. मुलचेऱ्याकडच्या एका गावात एक म्हातारी होती. व्हिडिओ कॉल लावला, एका बाजूला नील बेट, एका बाजूला ती म्हातारी, मधे तू. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही रडायला लागले. तू दरडावलंस, "रडणं मंग करजा. पयले बापाचं नाव सांगा. गावाचं सांगा." त्यांनी सांगितलं. जुळलं. मग तू फोन माझ्या हातात दिलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. तुझे खांदे हलत होते.

दिवाळी झाली आणि तू गेलीस. सकाळची वेळ होती, मी तुझे केस विंचरत होते. तू म्हणालीस, "हळू." मी हात हळू केला. थोड्या वेळानं मला कळलं.

आठ-दहा दिवसांनी मिनतीचा फोन आला. ती रडली, मी रडले. मग ती चाचरत म्हणाली की तिकिटं काढलेली आहेत, आता काय करायचं. मला काही कळेना. कसली तिकिटं? तेव्हा ती म्हणाली, "शोभादीदी ने बोला था ना. कपास के टाइम पे आना, बहन को भी उधर ही बुलाया है, वंदना के घर. बोला, मैं रहूँ ना रहूँ, तुम लोग आना. वंदना को अभी मत बताना, वो मना करेगी."

म्हणजे पाहुणे तू बोलावलेस, घर माझं, आणि मला पत्ता नाही. मी फोन ठेवला आणि तुझ्या रिकाम्या खाटेला मोठ्यानं शिव्या दिल्या. मग बाजारात जाऊन दोन गाद्या शिवायला टाकल्या.

मिनती आणि हरिपदबाबू चेन्नईहून रेल्वेनं आले. मिनतीनं टोपलीभर सुपारी आणली होती आणि थंडीनं तिचे दात वाजत होते. तिला तुझी शाल दिली. दुसऱ्या दिवशी शेफालीदी यायच्या होत्या, चंद्रपूरला गाडी बदलून. आम्ही तिघं हिंगणघाटच्या बसस्थानकावर जाऊन बसलो. हरिपदबाबू बसेनात. येईल त्या गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहत.

गाडी आली. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, आणि सगळ्यांत शेवटी कंडक्टर बाईनं हात धरून एका वाकलेल्या म्हातारीला खाली घेतलं. हरिपदबाबू जागेवरच थिजले. केस पिकलेला एवढा मोठा माणूस, त्यांचे पायच उचलेनात. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं, आणि हाक मारली, "खोका!" बंगालीत लहान मुलाला म्हणतात तसं. तेवढ्यानं ते धावले. ते बहिणीच्या पायाशी वाकले आणि तिनं त्यांना उठू दिलं नाही, त्यांचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. गाडी जरा वेळ सुटली नाही. ड्रायव्हर खाली उतरून पाणी घेऊन आला. तुझ्या ओळखीच्या दोघी-तिघी कंडक्टर बाया तिथे मुद्दाम आल्या होत्या. त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि प्रवाशांना "पुढं व्हा, पुढं व्हा" म्हणत होत्या.

घरी आल्यावर भावाबहिणीचं बंगालीत सुरू झालं ते संपेना. मिनती त्यांच्यात बसली. मी स्वयंपाकघरात होते. थोड्या वेळानं शेफालीदी काठी टेकत आत आल्या आणि माझ्यासमोर पाटावर बसल्या. आणि शोभे, तू हे मला सांगितलंच नव्हतंस, ती बाई आपल्यासारखी बोलते! साठेक वर्षं या मुलखात काढली, भावाला मराठीचा एक शब्द येत नाही आणि ही म्हणते, "ते शोभा कुठी हाये वं माय? फोनमंधी लय दरडावे मले. तिले पाहाचं हाये मले एकडाव."

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हातारं माणूस, येणं रद्द करेल म्हणून. मी गॅस बंद केला. त्यांच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं.

 त्या काठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. मग माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुयी कोण होय ते? बहीण?"

मी नाही म्हटलं.

"मंग?"

मैत्रीण म्हणणार होते. रोहण्याच्या एका बाकापासून सुरुवात करणार होते. पण तोंडातून दुसरंच आलं.

"आमी दोघी एका घरात राहत होतो," मी म्हटलं.